फॉर्मवर न लिहिलेलं औषध

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी अंबरनाथला राहायचे आणि उल्हासनगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. त्या वर्षांत आमच्या भागात गर्दचं, म्हणजे ब्राउन शुगरचं, व्यसन फार पसरलं होतं. बुवापाड्यातल्या विहारात एका निवृत्त गुरुजींनी आणि काही बायकांनी मिळून मंडळ काढलं. व्यसन सोडू पाहणाऱ्याला हाकलायचं नाही, त्याचं काम टिकवायचं आणि दर बुधवारी त्याची लघवी तपासून घ्यायची, असं त्यांचं ठरलं होतं. आमच्या डॉक्टरांनी ती तपासणी लॅबमध्ये सुरू केली आणि माझ्याकडे सोपवली.

लघवीतून काढलेल्या अर्काचा थेंब काचेच्या पट्टीवरच्या पांढऱ्या थराला लावायचा, पट्टी द्रावणात उभी करायची, वाळवून तिच्यावर फवारा मारायचा. माणसाने गर्द घेतली असेल तर ठरावीक उंचीवर जांभळट ठिपका उमटायचा. त्या ठिपक्याने खूप घरं सावरली, हे मी पाहिलंय. रोज खिसे तपासणं, रोज शपथा घालणं थांबलं. कागद स्वच्छ आला की घरात बोलणं सुरू व्हायचं.

मंडळातला एक जण अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होता. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. सात महिने त्याचा प्रत्येक रिपोर्ट स्वच्छ होता आणि त्याच अटीवर साहेबांनी त्याला कामावर ठेवलं होतं. थंडीतल्या एका बुधवारी तो खोकत आला. बाटली देताना म्हणाला, "ताई, चार दिवस खोकल्याचं औषध चालू आहे. लिहून ठेवता का?"

माझ्यापुढे नमुन्यांची रांग लागली होती. मी मान वर न करताच म्हटलं, "काही गरज नाही."

त्याच्या पट्टीवर ठिपका उमटला. त्याच्या वर आणखी एक होता, जास्त गडद. मी वहीत दोन्ही ठिपके होते तसे रेखाटून ठेवले आणि रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' लिहिलं. डॉक्टर निघायच्या घाईत होते, त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याला कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं. बायको मुलींना घेऊन बदलापूरला माहेरी गेली. तो सगळ्यांना खोकल्याच्या औषधाचं सांगत राहिला. पण व्यसनी माणसं असली कारणं देतातच, असं सगळ्यांनी धरलं.

नऊ दिवसांनी गुरुजी लॅबमध्ये आले. त्यांच्या मनाला ते पटत नव्हतं. डॉक्टरांनी माझी वही मागवली आणि बराच वेळ पाहिली. "खालचा ठिपका फिका, वरचा गडद. गर्दमध्ये हे उलट असतं. हे कोडीन आहे, खोकल्याच्या औषधातलं. त्यानेही गर्दचा ठिपका थोडा उमटतो." मग मला विचारलं, "पेशंटने काही सांगितलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, सर."

गुरुजी हळूच म्हणाले, "मग बाटली देताना त्यानेच सांगायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी त्याचा नवा नमुना घेतला. या वेळी खालचाच ठिपका गडद होता. त्या नऊ दिवसांत त्याने खरोखरच पुन्हा गर्द घेतली होती. फवारा मीच मारला होता.

त्यानंतर डॉक्टरांनी फॉर्ममध्ये औषधांचा रकाना घातला आणि प्रत्येक पॉझिटिव्ह नमुना दोनदा तपासायचा नियम केला. फॉर्म मी आखला होता, म्हणून मंडळाने माझं कौतुक केलं. पुढे त्या रकान्यामुळे कित्येक जण वाचले. दर वेळी मान वर करून, विचारून मी तो भरायचे.

मंडळाने त्याला सोडलं नाही. गुरुजी दोनदा बदलापूरला जाऊन त्याच्या बायकोला भेटले. ती परत आली. त्याचं व्यसन सुटायला दीड वर्ष गेलं. कारखान्यातली नोकरी मात्र गेली ती गेलीच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर खिडकीच्या ग्रिलसाठी मी बदलापूरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेले. दुकान त्याचं होतं. त्याने ओळखलं, स्टूल दिलं. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

त्याने हातमोजे काढले. म्हणाला, "कुणी ऐकेना तेव्हा मलाच वाटायला लागलं होतं, ताई, की मी तुम्हाला सांगितलंच नसेल. इतकी वर्षं तसंच धरून चाललो." मग म्हणाला, "गुरुजींना सांगाल?"

मी हो म्हटलं, पण जायला तीन आठवडे लावले. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि त्याच्या बायकोलाही सांगायला लावलं. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं तेव्हा ती दारातच उभी होती. म्हणाली, "तुम्ही खोटं बोललात, ते तुमचं. पण त्याचा शब्द सोडून मी कागदावर विश्वास ठेवला, ते तुमच्यावर ढकलता येत नाही मला." मग तिने मला आत बोलावलं. मी गेले नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.