निवडलेले तांदूळ
रेशनच्या तांदळाचा तो गोणपाटी वास कुठे आला की अंबरनाथची आमची चाळ आठवते. ताईला कंपनीत नोकरी लागली आणि घरचं उत्पन्न पिवळ्या रेशनकार्डाच्या मर्यादेच्या वर गेलं. “आता खाल्लेलं धान्यपण वसूल करतील,” शेजारीण म्हणाली. आईने धसकाच घेतला. घरात उरलेले रेशनचे तांदूळ निवडून, पाखडून तिने पिशवीत भरले आणि मला घेऊन रेशनिंग ऑफिस गाठलं. “साहेब, हे घ्या, बाकीचे हळूहळू फेडू.” साहेबांनी मूठभर तांदूळ हातावर घेतले आणि हसले. “मावशी, हे आमचे नाहीत. आमच्यात खडे असतात. घरी जाऊन भात करा, फक्त कार्ड बदलून घ्या.” त्या दुपारी आईने वाटीने न मोजता भात टाकला. आता पाकिटातल्या तांदळात खडा नसतो, तरी मी ते ताटात पसरतेच.