मला माहीत नसलेली नागीण

या सदरातले अनुभव मी हसायला वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, पिंपळ... जुने पॉवरलूम घेऊन विकण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. समोरचा खोटं बोलतोय हे मला पहिल्या वाक्याला कळतं. बाहेरचं, अंगात येणं, असल्या कशावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहितोय, कारण ते माझ्याच तोंडून निघालं.

माझा धाकटा भाऊ सुरेश याला एचआयव्ही आहे. चार वर्षं त्याने माझ्यापासून लपवलं. मला कळलं ते परक्या माणसाकडून — ज्याला मी लहानाचा मोठा केला, त्याच्याबद्दल. मी बोलणं टाकलं. आठ महिने त्याच्या दारात पाय ठेवला नाही. चूक त्याची होती, हे मी आजही म्हणतो.

एका सकाळी त्याची बायको वैशाली हिचा निरोप आला. डावा हात-पाय गेलाय, बोलणं बरळल्यासारखं. सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी पोचलो तेव्हा एमआरआय झाला होता. बार्शीचे दोन मावसभाऊ तोंडाला रुमाल बांधून जिन्यातच उभे.

"हवेतनं लागतंय व्हय रे ते?" मी विचारलं.

"तसं न्हाय, पण घरी लेकरं हायती की," थोरला म्हणाला.

"मग लेकरांकडं जा."

गेले नाहीत. लकव्याचा झाडपाला कुठल्या गावात मिळतो, ते सांगत राहिले.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. मी म्हटलं, "मॅडम, गोल गोल नको. वाचेल का, तेवढं सांगा."

"मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना सूज आलीय. एचआयव्हीत क्वचित होतं हे. पण सूज कशाने आली ते कळायला हवं. टीबीने असेल तर औषध वेगळं, दुसऱ्या कशाने असेल तर वेगळं. नुसतं स्टिरॉइड दिलं आणि आतलं इन्फेक्शन भडकलं, तर हाताबाहेर जाईल."

"मग तपासा की."

"पाठीतलं पाणी पुण्याला पाठवलंय. चार दिवस लागतील. तेवढे दिवस त्याच्याकडे आहेत का, ते मला सांगता येत नाही."

मग त्यांनी वैशालीला विचारलं, "गेल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर काही उठलं होतं? पुरळ, फोड?"

ती खाली बघत म्हणाली, "न्हाय. कायबी न्हाय."

आणि मी म्हणालो, "होती की. नागीण. उजव्या बाजूला, केसांत. गेरू लावला होता."

आवाज माझाच. भाव ठरवताना बोलतो तसा ठाम. पण ते वाक्य संपेपर्यंत त्यातलं काहीही मला माहीत नव्हतं.

मॅडमनी हातमोजे घालून सुरेशचे केस बाजूला केले. उजव्या कानाच्या वर, भांगापर्यंत, फिकट वणांची रांग.

वैशालीने विचारलं, "दादा, तुमास्नी कुणी सांगितलं?"

मग तिने सांगितलं: करकंब गावच्या एका म्हातारीकडून त्याची नागीण उतरवून घेतली होती. गेरूची रेघ, मंत्र, आणि वर ताकीद — कुणापुढं नाव काढलंस तर ती डोक्यात शिरंल. नवरा डोक्यानेच आडवा पडलेला, आणि ही त्याचं डोकं वाचवायला डॉक्टरपुढे गप्प. मला हसावं की कानफटात द्यावी कळेना.

नागिणीवरचं औषध त्याच दुपारी शिरेतून सुरू झालं, जोडीला स्टिरॉइड. एचआयव्हीच्या गोळ्या होत्याच. रिपोर्ट नंतर आला, विषाणू नागिणीचाच निघाला. "चार दिवस थांबलो असतो तर..." एवढं बोलून मॅडम दुसऱ्या पेशंटकडे वळल्या.

मावसभावांनी ते कुलदैवतावर घातलं. "अंगात आलतं तुझ्या. नारळ दे."

"एवढं कळतंय त्याला, तर लकवा व्हायच्या आधी का न्हाय आला?" मी म्हटलं. दोघांनी रुमाल नीट केले.

मी खोदून खोदून चौकशी केली. वैशालीने कुणाला सांगितलं नव्हतं. म्हातारीला आमचं आडनावही ठाऊक नव्हतं. नागीण उठली त्या आठवड्यात मी इचलकरंजीत यंत्रं बघत होतो.

महिन्याने सुरेशला शब्द जुळवता यायला लागले. त्यालाच विचारलं, "कुणाजवळ बोलला होतास रे?"

एकेक शब्द जोडत तो म्हणाला, "तुलाच सांगणार होतो, दादा. लई आग व्हायची. तीनदा फोन लावला... तू कट केलास."

केले होते. तिन्ही मला आठवतात. एक शब्दही ऐकला नव्हता.

उलगडा मला आजही झालेला नाही. नारळ-लिंबू सुचवणारांनी लिहायचे कष्ट घेऊ नयेत. कट केलेल्या फोनमधून माणूस ऐकू येतो का, एवढंच कुणाला सांगता आलं तर सांगा.