खोगिराला मारलेली गाठ

कसलाही द्वाड कुत्रा आमच्या ह्यांच्या हाती द्या, महिन्याभरात दोरीवर शहाण्यासारखा चालायला लागतो. नारीन नदीच्या खोऱ्यात कुणालाही विचारा. ह्यांचं नाव तोलोमुश. पोट मेंढरांवर, पण लोक दाराशी येतात ते आपापले ताइगान घेऊन. लांब पायांचे हे शिकारी कुत्रे ओढायला लागले की घोड्यावरचा माणूस खाली येतो. हे मारत नाहीत, ओरडत नाहीत. कुत्र्यानं दोरी ताणली की घोडा थांबवायचा, सैल सोडली की चालवायचा. दिवसभरात फाटकापासून ओढ्यापर्यंतच मजल गेली तरी ह्यांना कंटाळा नाही. असल्या माणसाशी संसार करून बघा म्हणावं! मी भांडायला लागले तरी तसेच थांबून राहतात.

ह्यांचा एकच कडक नियम. दोरी पट्ट्याच्या कडीतून नुसती ओवायची, दोन्ही टोकं मुठीत धरायची. ससा दिसला की मूठ उघडायची, कुत्रा मोकळा. गाठ कुठेही मारायची नाही.

गेल्या आठवड्यात शेजारचा मेदेर आपलं पिल्लू घेऊन आला. ह्यांना तो आके म्हणतो, म्हणजे थोरला भाऊ. अंगणात ह्यांच्या बाजूनं आमचा ताइगान बोरोन लंगडत, दोरी जराही न ताणता चालला होता.

"आके, आपलं पण बोरोनसारखं शांत चाललं पाहिजे बरं का!"

"चालेल. पण खोगिराला दोरी कधी बांधू नकोस," हे म्हणाले. "मी एकदा बांधली, आणि ह्याचा पाय गेला."

मी चहा ओतत होते. चार वर्षं हे वाक्य ऐकतेय, आणि दर वेळी मान खाली घालून हातातल्या कामाला लागते.

कारण दोरी ह्यांनी बांधलीच नव्हती. त्या दिवशी माझ्या माहेरची माणसं यायची होती. हे शिकारीला निघाले होते, घोड्यावर खोगीर चढलेलं. "जरा धर गं, फाटक लावून येतो," म्हणून दोरी माझ्या हातात दिली. आत पाहुण्यांसाठी कणकेचे बोरसोक तळायला तेल ठेवलेलं, त्याचा धूर दिसायला लागला. मी म्हटलं, क्षणभराचं तर काम! दोरी खोगिराच्या कडीला बांधली आणि आत पळाले. तेवढ्यात वाऱ्यानं गोठ्याचा पत्रा उडाला. घोडा बिथरून उधळला आणि बोरोन ओढ्यापर्यंत दगडांवरून फरफटत गेला. हे मागे धावले, सुरीनं दोरी कापली, त्याला उचलून आणला. पुढचा पाय वाकडा जुळला तो जुळलाच. शिकार संपली त्याची.

सगळे विचारत होते, गाठ कुणी मारली? हे म्हणाले, "मीच." आणि मी आत जाऊन ताटं वाढायला लागले. बोरसोक मात्र छान फुलले होते. पाहुण्यांनी मागून मागून खाल्ले. मेलं ते तेल जळून गेलं असतं तर काय बिघडलं असतं?

तेव्हापासून मी बोरोनची दोरी हातात धरलेली नाही.

इकडे अंगणात मेदेर हसायला लागला. "काय आके, तुम्ही आणि गाठ? सकाळी सकाळीच चढवली होती की काय? वहिनी, खरं सांगा!"

हेसुद्धा त्याच्याबरोबर हसले. ते हसणं मला बघवेना. मी किटली आदळली.

"गाठ मी मारली होती! ह्यांनी नाही. मी, ह्या हातांनी!"

मेदेरचं हसू तोंडातच राहिलं. पिल्लू बगलेत मारून, "उद्या येतो आके," म्हणत तो फाटकाबाहेर पडला.

मी ह्यांच्याकडे बघायला धजत नव्हते. हे शांतपणे म्हणाले, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"दोरी कापली कुणी? मीच ना! पिठाच्या पोत्याला मारतेस तीच गाठ खोगिराला होती, दुहेरी. ह्या घरात दुसरं कोण मारतं तशी?"

"अहो, मग चार वर्षं बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मला रडू फुटलं. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं डोळे पुसत होते, तोवर ह्यांनी दोरीची दोन्ही टोकं माझ्या मुठीत ठेवली. "जा, ओढ्यापर्यंत फिरवून आण त्याला."

दोन पावलं टाकली आणि दोरी ताणली गेली. बोरोन जागचा हलला नव्हता, ओढत होते ती मीच. मी थांबले. दोरी सैल झाली, तसा तो लंगडत माझ्या शेजारी आला.