काकडांवाचून शेवळं

लोणावळ्याला येणारे लोक धरण बघतात, चिक्की घेतात आणि परततात. इथल्या रानात खाण्यासारखं काय उगवतं, हे कुणी विचारत नाही. वलवणच्या सुनेत्राबाईंना याचा संताप यायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो कामाला लावला. दर गुरुवारी ई-मेलनं एक पत्र: या आठवड्याची रानभाजी, ती निवडायची कशी, शिजवायची कशी. माहिती भाजे गावच्या वरच्या वाडीतल्या बाया नावाच्या भाजीवालीची, लिहिणं बाईंचं, खाली नावं दोघींची. चाळीस वाचकांचे बघता बघता चार हजार झाले आणि साधा मेल पुरेना.

"आत्या, सॉफ्टवेअर घे," भाचा मुकुल म्हणाला. "आणि पत्र जरा देखणं कर."

त्यानं निवडलेलं सॉफ्टवेअर देखणं होतंच. वेलबुट्टी काय, मोठमोठे फोटो काय! त्यातून पहिलं पत्र गेलं ते शेवळांचं. शेवळं काकडांच्या आंबट फळांबरोबर शिजवतात, नाहीतर घसा खाजतो. पण वाडीत शेवळांच्या जुडीबरोबर काकडं मिळतातच. ती मुद्दाम सांगायची असतात हे बायाच्या डोक्यात आलं नाही. बाईंनी आपणहून काकडांची एक सूचना लिहिली, तीही अगदी शेवटी.

शनिवारी फोन सुरू झाले. "अहो, घसा सोलवटलाय! सगळं घर ताक पितंय."

बाईंनी स्वतःचा मेल उघडला. पत्र मध्येच तुटलेलं.

"जड मेलचा तळ कापला जातो," मुकुल म्हणाला. "पण 'पूर्ण पाहा' असं खाली असतं की!"

"घसा खाजल्यावर पाहायचं का?"

बाया आधी खो खो हसली. "काकडांबिगर? आवं ताई, डुकरंबी खायची न्हाईत!" मग काळजीनं म्हणाली, "पर खाली नाव माजं हाय. आता माळवलीच्या टेसनावर माज्या भाजीची पाटी कोन घेईल?"

बाईंनी सबबी सांगितल्या नाहीत. दोन ओळींची माफी सगळ्यांना पाठवली, घसा धरून बसलेल्यांना स्वतः फोन केले आणि मग सॉफ्टवेअर निवडायला बसल्या. कर्ज मागायला आलेल्यांना विचारायच्या तसंच त्यांनी कंपन्यांच्या विक्रेत्यांना धारेवर धरलं. मेल किती जड होतो? वाचकाचं उत्तर मला मिळेल की हवेत जाईल? उद्या तुमचं पटलं नाही, तर माझे वाचक घेऊन मला बाहेर पडता येईल ना? एकानं तर फोनच ठेवला. त्याचा पत्ता कट.

जे टिकले, त्या प्रत्येकातून शेवळांचंच पत्र त्यांनी बायाच्या वाडीत पाठवलं. तिथं रेंज नावापुरती. बायाची सून हर्षदा अंगणात उभी राहून मोठ्यानं वाचायची. पत्र शेवटपर्यंत पोचलं ते एकाच सॉफ्टवेअरमधून, सगळ्यांत साध्या.

"आत्या, हे तर तारेसारखं दिसतं!"

"तार लोक शेवटपर्यंत वाचायचे."

त्या गुरुवारी बाईंनी न घाबरता शेवळंच पुन्हा लिहिली. पहिलीच ओळ: काकडं नसतील तर शेवळं घेऊ नका.

रविवारी बायाचा फोन आला. आवाजात तक्रार होती, पण लटकी. "ताई, काय लिवलंय तुमी? जो तो म्हनतोय, मावशी, आदी काकडं दावा! माज्याच मालाची मलाच परीक्षा!"

"आणि पाटी?"

"ती कवाच रिकामी झाली."