सव्वाआठची ओलेटा

हॉलिफील्डचा रेडिओ संगीतावरच्या प्रेमातून जन्मला, असं स्टेशनच्या दारावरच्या पितळी पाटीवर कोरलेलं आहे. पाटी खुद्द बर्डेट हॉलिफील्डनेच करवून घेतली होती, तेव्हा तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बर्डेटचं फ्रिज आणि पलंगांचं दुकान होतं. १९५७ साली पलीकडच्या जिल्ह्यातल्या स्टेशनने जाहिरातीचे दर वाढवले, तेव्हा त्याचं डोकं फिरलं आणि त्याने स्वतःचंच स्टेशन काढलं. दोन फ्रिजांच्या मध्ये शांतता पसरू नये म्हणून गाणी लावायची, एवढंच त्याचं संगीतप्रेम. गाणी अर्थातच कंट्री, म्हणजे गिटार-फिडलवरची गावाकडची. केंटकीच्या या डोंगरात दुसरं काही लावलं असतं, तर लोकांनी स्टेशनच्या मनोऱ्याच्या तारा कापून कोंबड्यांची खुराडी बांधली असती.

ओलेटा स्टिडम १९७२ साली तिथे टायपिंगला आली, ती फक्त सहा आठवड्यांसाठी. बर्डेटच्या मेव्हणीचा मोडलेला पाय बरा होईपर्यंत. पाय बरा झाला आणि त्याच पायाने मेव्हणी ओहायोला पळून गेली. ओलेटा राहिली.

तिच्या आवाजाचं कौतुक कधी कोणी केलं नाही. बिजागरी कुरकुरावी तसा आवाज. पण मृत्यूच्या बातम्या वाचायला माणूस हवाच होता, कारण बर्डेटने एकदा एका म्हाताऱ्याचा मृत्यू आणि गाद्यांचा सेल एकाच श्वासात वाचला होता, आणि म्हाताऱ्याची बायको लाटणं घेऊन दुकानात आली होती. तेव्हापासून रोज सकाळी सव्वाआठची पंधरा मिनिटं ओलेटाची. आधी कोण गेलं, मागे ऑर्गनची मंद रेकॉर्ड. मग हरवलेली कुत्री. मग कोणाला नांगर विकायचाय, कोणाला पाळणा हवाय. शेवटी, शाळेची बस ओढा ओलांडणार की नाही. ओलेटा बोलेपर्यंत खोऱ्यातल्या आया पोरांची कॉलर धरून दारात उभ्या असायच्या. सरकारी हवामान खात्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते खातं काही त्यांच्या चर्चमध्ये येत नव्हतं.

बातमीदार एकच, अंत्यविधीवाला आर्विल नेपियर. ओलेटाने नाव वाचेपर्यंत तो खड्डा खणायला घ्यायचा नाही. डॉक्टरने सांगितलेलं मरण म्हणजे नुसता अंदाज, असं खोऱ्यात मानत.

छत्तीस वर्षं हे असं चाललं. मग बर्डेट गेला. ओलेटाने त्याचंही नाव वाचलं आणि त्याच्या इच्छेप्रमाणे लगेच गाद्यांची जाहिरातही. मुलांनी स्टेशन शहरातल्या एका कंपनीला विकलं आणि कंपनीने प्रेस्टन कील नावाचा इस्त्रीचा शर्ट पाठवला. शर्टात माणूसही होता.

"मिस ओलेटा," तो म्हणाला, "आपल्याला श्रोत्यांचं सरासरी वय खाली आणायचंय."

"ते तर मी रोज सव्वाआठला आणतेच आहे, बाळा."

प्रेस्टन हसला नाही. सोमवारपासून सगळा कार्यक्रम उपग्रहावरून येणार होता. शुक्रवार तिचा शेवटचा दिवस. आणि हो, रेडिओवरून निरोप घ्यायचा नाही.

"का?"

"कंपनीचा नियम आहे. श्रोत्यांना बदल जाणवता कामा नये."

ओलेटा घरी आली. पगाराचं ती कसंही निभावणार होती. पण ती पंधरा मिनिटं गेली, तर उरलेल्या दिवसाचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. लोकांची हळहळ ऐकायला नको म्हणून तिने फोनची तार काढून ठेवली. तेच चुकलं.

सोमवारी सव्वाआठला एक गुळगुळीत पुरुषी आवाज म्हणाला, "आजचा दिवस छान आहे, मित्रांनो!" बाहेर पाऊस कोसळत होता.

साडेनऊला दार वाजलं. शेजारची व्हर्डी काचेच्या भांड्यात मॅकरोनी घेऊन उभी होती. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव होतं. मयताच्या घरी नेलेलं भांडं परत मिळावं म्हणून सगळ्याच बायका तसं करतात. ओलेटाला बघून व्हर्डी किंचाळली.

"अगं बाई! तू?"

"मग कोण? घर माझं आहे."

"पण तू मेलीस ना?"

"कोण म्हणालं?"

"कोणीच नाही म्हणालं! म्हणून तर!" व्हर्डी चिडली. "तुझं पित्ताशय काढलं तेव्हाही हॉस्पिटलच्या फोनवरून वाचलंस तू. आज वाचलं नाहीस, फोन उचलत नाहीस. मग माणसाने काय समजायचं? आणि तू गेलीस हे वाचणार कोण, तूच?"

अकरापर्यंत ओसरीवर चौदा भांडी, दोन हॅम आणि बटाट्याच्या सॅलडचा डोंगर जमला. ती जिवंत दिसल्यावरही कोणी काही परत नेलं नाही. "आहेस ते बरंच आहे, पण ठेव," असं म्हणून जो तो आत येऊन बसला. आर्विल काळ्या कोटात आला, आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून जरा हिरमुसला.

"खरा मेलाय तो ऑर्बी सायझमोर," तो हळूच म्हणाला. "शनिवारी. आज दोनला पुरायचंय, आणि तू वाचलं नाहीस म्हणून खड्डा अजून खणलेला नाही. मी पंचेचाळीस खुर्च्या मांडल्यात आणि त्याची बायको हेझल एकटी बसलीय. कोणाला पत्ताच नाही. सगळे इथे तुझं खातायत."

ओलेटा उठली. आर्विलच्या मयताच्या गाडीतूनच ती स्टेशनवर निघाली, पुढच्या सीटवर. वाटेत मयताची गाडी बघून रस्त्यावरच्या दोघांनी टोप्या काढल्या आणि ओलेटाने हात केल्यावर घाईघाईने परत घातल्या.

स्टेशनवर तिन्ही फोन एकदम वाजत होते आणि प्रेस्टनच्या शर्टाची इस्त्री गेली होती.

"मिस ओलेटा, प्लीज, एक मिनिट बोला. फक्त जिवंत आहात एवढं सांगा."

"एका मिनिटात मी जिवंत होईन. ऑर्बीचं काय? बसचं काय? रोजची पंधरा मिनिटं दे."

"मला वर विचारावं लागेल."

"वर मी रोज माणसं पाठवतो," आर्विल म्हणाला. "कोणाला तरी विचारून यायला सांगू का?"

प्रेस्टनने उपग्रहाचं बटण बंद केलं. पंधरा मिनिटांबद्दल मात्र तो काही बोलला नाही.

"मी ओलेटा स्टिडम," माइकपाशी बिजागरी कुरकुरली. "मी आहे. ऑर्बी सायझमोर नाही. दोनला, नेपियरकडे. माझ्या ओसरीवरची भांडी उचला आणि तिकडे चला. ओढ्याला पाणी चढलंय, पोरांना शाळेतच थांबवा."

पंचेचाळीस खुर्च्या पुरल्या नाहीत. दफनानंतर हेझलने ओलेटाचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग नाक पुसून म्हणाली, "वय नाही सांगितलंस. एकोणऐंशीचा होता. उद्या दुरुस्ती वाच."

ओलेटाने प्रेस्टनकडे बघितलं. तोही मागोमाग आला होता आणि भिंतीशी उभा राहून मॅकरोनीची तिसरी प्लेट संपवत होता. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला वर कोणाला विचारता येईना. त्याने नुसती होकाराची मान डोलावली.

"सव्वाआठला," ओलेटा हेझलला म्हणाली.