भिंतीवरचा तात्यांचा रुसवा

गेल्या महिन्यात तात्या डोळे दाखवायला नांदेडला आले. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या म्हणाले, "तुझं चित्र लागलंय म्हनं कुठंतरी. चल, दाव मला."

तात्या म्हणजे माझे मोठे काका. बिलोलीजवळच्या आमच्या गावी शेती करतात. चित्र लागलं होतं ते इथल्या एका छोट्या व्यंगचित्र संग्रहालयात. दोनच खोल्या, जुनी-नवी व्यंगचित्रं, आणि एक भिंत माझ्यासारख्या हौशी लोकांसाठी.

अडचण एवढीच, की ते चित्र तात्यांचंच होतं.

आमच्याकडे प्रत्येक लग्नात तात्या रुसतात. आहेराची टोपी हलकी निघाली, पंगतीला बोलवायला उशीर झाला... काहीही पुरतं. मग ते मांडवाबाहेर कडुलिंबाखाली बाजेवर पाठ फिरवून बसतात आणि लोक नवा टॉवेल-टोपी घेऊन त्यांचा रुसवा काढायला जातात.

मी तेच काढलं होतं. मांडवात अक्षता पडतायत, बाजेवर पाठमोरे तात्या, मागे टॉवेल-टोपीवाल्यांची रांग आणि रांगेत मुंडावळ्या बांधलेला खुद्द नवरदेव. नाव कुठेच लिहिलं नव्हतं... पण ती पाठ आमच्या गावात कुणीही ओळखेल.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बाबा हॉस्टेलला नको म्हणाले तेव्हा तात्या रुसून शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीत जाऊन राहिले होते, जेवायलासुद्धा घरी आले नाहीत. बाबा त्यांना आणायला गेले आणि माझ्या ॲडमिशनला होकार देऊनच परतले. म्हणजे ज्या रुसव्यामुळे मी शिकले, तोच मी चारचौघांत हसायला टांगून ठेवला होता. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं... तात्या खरोखर दुखावले असते तर लग्नाला आलेच नसते.

ऑटो बघते म्हणून मी बाजूला गेले आणि संग्रहालय सांभाळणाऱ्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "तासाभरापुरतं उतरवून ठेवू का?" मी हो म्हणणारच होते. पण तात्यांना फसवायचं, तेही त्यांच्याच चित्राबाबतीत... जमेना. म्हटलं, राहू द्या.

तात्यांच्या डोळ्यांत औषध घातलेलं. "समदं धुरकट दिसू लालंय," म्हणाले, तेव्हा मला आधी बरं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

पहिल्या खोलीत ते एका चित्रापाशी थांबले. "ह्याचं नाक एवढं मोठं कामून काढलंय?"

सर म्हणाले, "माणसाचं जे असतं, ते जरा वाढवून काढतात यात."

"मग त्या मानसाला राग येत न्हाई व्हय?"

मी हात धरून त्यांना पुढे नेलं.

दुसऱ्या खोलीत तात्या माझ्या चित्रासमोर आले. आधी जवळून पाहिलं, मग मागे सरून डोळे बारीक केले. बराच वेळ. मग सरळ बाहेर गेले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दाराकडे पाठ करून.

अगदी चित्रातल्यासारखे.

मी धावत गेले. "तात्या, चुकलं माझं. आत्ताच्या आत्ता उतरवायला सांगते." ते वळले नाहीत. "तात्या, उठा ना..."

"रिकाम्या हातानं आलीस व्हय?"

मला काही कळेना.

"टावेल कुठाय? टोपी कुठाय? असा काढतेत व्हय रुसवा?" आणि तेव्हा मला दिसलं, त्यांचे खांदे हलत होते. हसत होते तात्या.

मला मात्र रडूच फुटलं.

"उगं रडू लालीस. लई झ्याक काढलंस की. पर मानसं कमी काढलीस. एवढ्यानं मी उठत असतोय का?" मग हळूच म्हणाले, "खरं सांगू का माय... लग्नात म्हाताऱ्याजवळ कोन बसतंय? जो तो आपल्या घाईत. रुसलं की चार मानसं येऊन बसतेत."

इतक्या बारकाईने त्यांची पाठ काढली होती मी... आणि हे मला कधी दिसलंच नव्हतं.

निघताना त्यांनी चित्राशेजारी उभं राहून फोटो काढायला लावला. पाठमोराच. वर सरांना म्हणाले, "ही पाठ कुनाचीय ते लिवा की खाली. लोकाला कळाय नको का?"

चार दिवसांपूर्वी बहिणीचं लग्न झालं. अक्षतांच्या आधी तात्या बाजेवर नुसतेच टेकले होते, तेव्हाच मी त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, "आजून तर मी रुसलो बी न्हाई." मी म्हटलं, "माहितीय." त्यांनी सरकून बाजेवर जागा तेवढी केली. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं...

काल नांदेडला परतल्यावर सरांची परवानगी घेऊन चित्रात थोडी भर घातली. रांग तेवढीच आहे. पण आता बाजेवर तात्यांशेजारी एक मुलगी बसलीय, पाठमोरीच. हातात टॉवेल नाही, टोपी नाही... नुसतीच बसलीय.