आमच्या कूलरमधले पारवे

सोलापुरातला हा फ्लॅट घेतला तेव्हा मला त्यात सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर गॅलरी. शाळेत शिकवून आलं की तिथं खुर्ची टाकून चहा प्यायचा, कुंडीत मोगरा लावायचा, असे माझे बेत होते. ते बेत पारव्यांनी पहिल्याच वर्षी मोडीत काढले. कठड्यावर पारवे, कपड्यांच्या दोरीवर पारवे, कुंड्यांत पारवे. धुतलेला शर्ट वाळेपर्यंत पुन्हा धुवायच्या लायकीचा व्हायचा. मोगऱ्याच्या कुंडीत मोगरा सोडून सगळं होतं: काड्या, पिसं, तारेचे तुकडे. कुणीतरी सांगितलं म्हणून जुन्या सीडी टांगल्या, तर पारवे त्यांत स्वतःला न्याहाळत बसायला लागले. बाजारातून प्लॅस्टिकचं घुबड आणलं. आठवड्याच्या आत एक पारवा त्या घुबडाच्या डोक्यावर बसून पिसं साफ करताना दिसला, तेव्हा मी हात टेकले.

कारण सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. आमच्या बरोबर वर राहणारे काका रोज सकाळी आपल्या कठड्यावर ज्वारी टाकत. पारवे वर जेवायचे आणि आराम करायला खाली आमच्याकडे उतरायचे. काका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोलणं मोजकं. मुलगा बंगळुराला, घरात ते आणि काकू दोघंच. मी जिन्यात एकदोनदा विषय काढून पाहिला. "मुकी पाखरं आहेत हो, चार दाणे खाऊन जातात," एवढं म्हणून ते पुढे जात. आमचे हे म्हणायचे, "जाऊ दे ना. शेजार आहे, रोज तोंड बघायचं असतं."

मग मामा आले. मामा म्हणजे माझे सासरे. जन्म सगळा केम गावात शेती करण्यात गेलेला. सासूबाई गेल्या आणि त्यांचं तिथं मन लागेना. शेत माझे दीर बघत होते, म्हणून आम्ही मामांना इकडं घेऊन आलो. पण इथं येऊन ते नुसतेच बसून राहायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. ताटात वाढलं तेवढं खायचे. "मामा, काही हवंय का?" विचारलं की एकच उत्तर, "न्हाय."

एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि मामा माझ्यामागे गॅलरीत येऊन कठड्यावरून खाली वाकून बघत उभे राहिले. तेवढ्यात वरून त्यांच्या टोपीवर टपटप दाणे पडले. मामांनी टोपी काढली, एक दाणा चिमटीत धरला, उजेडात पाहिला आणि दाताखाली फोडला.

"ज्वारी हाय ही," ते म्हणाले.

"हो मामा. वरचे काका पारव्यांना टाकतात रोज."

"मालदांडी हाय!" त्यांचा आवाज एकदम चढला. "भाकरीची ज्वारी हाय, पोरी!"

पुढच्या क्षणी मामांनी दोन्ही हात वर केले आणि असा काही आवाज काढला की माझ्या हातातला टॉवेल खाली पडला. "हाऽऽऽ होऽऽऽ! हुर्रर्रर्र!" रानात माळ्यावर उभं राहून ज्वारी राखताना देतात ती हाळी. सगळे पारवे एकदम उडाले. समोरच्या बिल्डिंगमधल्या खिडक्या उघडल्या. खाली रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून वर पाहिलं. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. पण सासूबाई गेल्यापासून त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता.

मामा तेवढ्यावर थांबले नाहीत. चपला घालून तडक जिना चढायला लागले. मी ओल्या हातानं त्यांच्यामागे पळाले. काकांनी दार उघडलं.

"साहेब, ज्वारी तुमी टाकता व्हय?"

"हो, मीच. का बरं?"

"कशापायी?"

"पाखरांसाठी. मुक्या जिवाला घातलेलं चांगलं असतं."

"अवो, आमी जन्मभर ह्याच पाखरांपासनं ज्वारी राखली. माळ्यावर उभं राहून घसा फाडला. आन तुमी ती इकत आणून त्यास्नीच घालताय?"

"तुमच्या शेतातली नाही ती," काका शांतपणे म्हणाले. "दुकानातली आहे."

"आन दुकानात काय आभाळातनं पडली?"

काकांच्या मागे काकू उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलत होते. मी मामांना कसंबसं खाली आणलं.

त्या दिवसापासून रोजचा कार्यक्रम ठरून गेला. वरून ज्वारी, खालून हाळी. पारवे लवकरच सरावले. हाळी आली की शिष्टाचार म्हणून उडायचे, एक फेरी मारायचे आणि परत येऊन बसायचे. पारवे काही कमी झाले नाहीत, पण मामा पहाटे उठून तोंड धुऊन तयार राहू लागले. "आला का ग तो ज्वारीवाला साहेब कठड्यावर?" असं मला विचारायचे. जेवताना आपणहून आणखी एक भाकरी मागायचे. हे मला म्हणाले, "आता पारवे गेले तर पंचाईत होईल आपली."

असाच उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे दुपारी फरशीवर पाय ठेवला तरी उचलावा लागतो आणि पंखा लावला की कुणी तव्यावरची हवा अंगावर सोडतंय असं वाटतं. आमचा कूलर गॅलरीतच असतो, खिडकीला लावलेला. हिवाळाभर त्याच्यावर जुनी चादर टाकलेली होती; मागची जाळी तुटलेली, ती बाजू उघडीच होती. एका रविवारी ह्यांनी चादर काढली, साफ करायला म्हणून बाजूची जाळी ओढली आणि तसेच मागे सरकले.

आत, कोरड्या टाकीत, काड्यांच्या ढिगावर एक पारवी बसली होती. ती हलली नाही. आमच्याकडे लाल डोळ्यानं बघत राहिली. जराशी सरकली तेव्हा पोटाखाली दोन पांढरी अंडी दिसली.

"काढून टाकू या," हे म्हणाले. "अजून एप्रिल-मे सगळा जायचाय."

मी मामांकडे पाहिलं. मला वाटलं, शत्रू आयता हातात सापडला म्हणून ते खूश होतील. मामा वाकले, आत बघितलं आणि जाळी हळूच परत जागेवर बसवली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"मामा, अहो ऊन बघा बाहेर!"

"कणसावर बसली तर हाकलीन मी तिला. अंड्यावर बसलेली कशी हाकलू?"

विषय संपला. आम्ही खिडकीला ओला पंचा बांधून पाहिला, फरशीवर पाणी मारून पाहिलं. माझी शाळा सकाळची होती. दुपारी घरी आले की मी आणि मामा हॉलमध्ये समोरासमोर घाम पुसत बसायचो आणि कूलरमध्ये पारवी सावलीत मजेत बसलेली असायची. अशा एका दुपारी मामा उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"वर."

मला वाटलं, आज भांडण विकोपाला जाणार. काकांनी दार उघडलं तशी आतून गार हवेची झुळूक आली. त्यांच्याकडे एसी होता.

"साहेब," मामा म्हणाले, "तुमची पारवी आमच्या कूलरमधी बसलीय. अंडी घातलीत तिनं."

काकांचा चेहरा बदलला. "काढून टाकली का?"

"न्हाय. ती उडून जाईस्तवर आमाला कूलर लावता यायचा न्हाय. म्हणून आलोय. तुमची पाखरं आमच्यात, तर आमी तुमच्यात."

काकांनी दार तसंच उघडं धरून आधी मामांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. मागून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना आत तर घ्या! एसीची हवा सगळी जिन्यात चाललीय!"

अशी आमची दुपार काकांच्या हॉलमध्ये सुरू झाली. पहिले काही दिवस दोघं पुरुष सोफ्याच्या दोन टोकांना गप्प बसायचे. मी आणि काकू स्वयंपाकघरात शेंगा सोलत बोलायचो. काकू एकदा म्हणाल्या, "मुलगा बंगळुराला गेल्यावर ह्यांनी ज्वारी टाकायला सुरुवात केली. सकाळी दार उघडलं की कठड्यावर कुणीतरी वाट बघत असतं, ते बरं वाटतं म्हणतात." मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही येताय ते फार बरं झालं बाई. घरात आवाज असला की दुपार जड जात नाही."

तोवर बाहेर हॉलमध्येही आवाज सुरू झालेला होता. काकांना ज्वारीचं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ती कधी पेरतात, हुरड्यात कधी येते, कणसावर पाखरं नेमकी कधी तुटून पडतात, सगळं ते विचारायला लागले. मामांना हेडक्लार्क दिवसभर काय करतो ते कळत नव्हतं, आणि काकांना ते समजावता येत नव्हतं. "म्हणजे कागद तुमच्याकडनं जायचा. मग अडायचा कुटं?" मामा विचारायचे. काका उसळून म्हणायचे, "माझ्याकडे कधीच अडला नाही!" मग पत्ते आले. पत्त्यांबरोबर भांडणं आली. काकू चहा ठेवायच्या आणि मला डोळ्यांनी खुणावायच्या.

अंडी फुटली तेव्हा मामांनीच वर जाऊन वर्दी दिली. काका पिल्लं बघायला खाली आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच आमच्या गॅलरीत पाऊल टाकत होते. पिल्लं मात्र मी आजवर पाहिलेल्या सगळ्या पिल्लांत कुरूप. अंगावर पिवळी विरळ लव आणि चेहऱ्याला न शोभणारी भली मोठी चोच.

"छान आहेत," काका भारावून म्हणाले.

"लईच वंगाळ हायेत," मामा म्हणाले.

काका बघून सरळ उभे राहिले तेवढ्यात कपड्यांच्या दोरीवरून एका पारव्यानं त्यांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या बरोबर मध्यावर शिक्का मारला. काकांनी शर्टाकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग पहिल्यांदाच गॅलरीकडे नीट पाहिलं: कठडा, दोरी, कुंड्या, फरशी. मी ओशाळून म्हणाले, "काका, शर्ट द्या, लगेच धुते." मामा मात्र कठड्याला धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्यांना हसताना पाहून काकाही हसायला लागले.

"खराटा कुठंय?" काकांनी मला विचारलं.

मी नको नको म्हणत असताना त्यांनी बाह्या वर केल्या. मामांनी बादली भरली. दोन म्हाताऱ्यांनी मिळून माझी गॅलरी अशी घासली की फरशीचा मूळ रंग मला नव्यानं कळला. दुसऱ्या दिवशी वरून ज्वारी पडली नाही. पारवे दोनचार दिवस ताटकळले, मग त्यांनी दुसरं घर शोधलं असावं. आमच्याकडे राहिलं ते फक्त कूलरमधलं कुटुंब.

पिल्लं मोठी झाली. एका सकाळी एक उडून समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसलं. दुसरं कठड्यावर येऊन बसलं ते बसलंच. काका त्याला मऊ आवाजात समजावत होते, "जा बाळ, जा. काही होत नाही."

"अवो साहेब, कचेरीत अर्ज घेतल्यागत काय बोलताय त्याच्याशी?" मामा म्हणाले आणि त्यांनी हाळी दिली. पिल्लू दचकून हवेत गेलं, जरा खाली घसरलं, मग पंख मारत थेट टाकीवर पोचलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या खिडकीतल्या बायकांनीही वाजवल्या.

त्याच आठवड्यात माणूस बोलावून गॅलरीला जाळी लावून घेतली. ह्यांनी कूलर धुऊन काढला, नवा वाळा बसवला, पाणी भरलं आणि ते कामाला गेले. दुपारी मी बटण दाबलं आणि वाळ्याचा वास घेऊन गार वारा घरभर फिरला. मी हौसेनं कूलरसमोर मामांची खुर्ची मांडली.

"मामा, या. आता खुशाल बसा."

मामा टोपी घालत होते. "म्या जातो वर. डाव अर्धा ऱ्हायलाय कालचा."

ते बाहेर पडले आणि लगेच जिन्यातून आवाज ऐकू आले. मी दारात गेले. काका हातात पत्त्यांचा कॅट घेऊन खाली येत होते.

"तुमी कुटं निघाला?"

"तुमच्याकडे. कूलर चालू झालाय ना! एसीनं माझे गुडघे धरतात हो."

"आन मी निघालोय तुमच्याकडं! काकूनं शिरा केलाय म्हनं."

"शिरा खाली मागवू की!"

"गार झाल्यावर काय मजा त्याची?"

दोघंही जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहून भांडत होते, कुणीच मागं हटायला तयार नव्हतं. वरून काकू ओरडल्या, खालून मी ओरडले. शेवटी काकूच शिऱ्याचं पातेलं घेऊन उतरल्या, मी ताटल्या आणि चमचे आणले, आणि आम्ही चौघांनी तिथंच पायऱ्यांवर बसून तो गरमागरम शिरा खाल्ला.